शंभर होईपर्यंत

"शंभर होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत हं. आधी उघडलेत तर चादरी रुसतात."

आवाज आईचा. गच्चीवरच्या ओल्या चादरींमधून येणारा, म्हणून स्वतःही जरासा ओला. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा चारचा. आई डावखुरी. डाव्या हाताने चिमटे लावता लावता ती आपलंच काहीतरी जुळवून म्हणायची:

*दोरीवर वाळे माझी चादर गं पांढरी,*
*आडून डोकावते माझ्या लेकराची स्वारी.*

त्या दिवशी गाणं मध्येच थांबलं. थोरलीने इमानाने शंभर मोजले. धाकट्याला विसाच्या पुढे येत नव्हतं. त्याने पाच वेळा वीस मोजले. डोळे उघडले तेव्हा चादरी होत्या, वारा होता. आई नव्हती.

ती परत आलीच नाही.

*

एकवीस वर्षांनी, धाकट्याच्या लग्नाच्या दिवशी, भर दुपारी, दीडशे पाहुण्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

"एक! दोन! तीन!"

थोरली तेव्हा फाटकाशी होती. एका आजोबांना गाडीतून उतरवत होती. हॉलमधून ती मोजणी कानावर आली. पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून सगळे खेळ तिनेच ठरवले होते. बारा खेळ, बारा कार्डं. त्यात हा खेळ नव्हता. तो तिने कधीच लिहिला नसता.

ती धावली. व्हरांडा ओलांडेपर्यंत "एकोणसत्तर, सत्तर!" झालं, आणि हशा, टाळ्या.

स्टेजवर दोन खुर्च्या होत्या. एकीत धाकटा बसला होता. दुसरी रिकामी होती.

"नवरीबाई गायब!" माईकवरून धाकट्याचा मित्र ओरडला. निवेदनाचं काम त्याच्याकडे होतं. "मंडळी, याला म्हणतात हातचलाखी!"

सगळे हसत होते. धाकटा सोडून. त्याला घरात सगळे बटण म्हणत, लहानपणी त्याने शर्टाचं बटण गिळलं होतं म्हणून. पंचवीस वर्षांचा हा बाप्या अजून दिवा चालू ठेवून झोपायचा.

"ताई," तो म्हणाला. "परत तेच."

त्याचा अंगठा डाव्या मनगटावर होता. तिथे एक गुळगुळीत त्रिकोण होता, इस्त्रीच्या टोकाचा. घरची लाँड्री. इस्त्रीचं टेबल भिंतीला लावलेलं, त्याच्या उजव्या अंगाला मळक्या कपड्यांची टोपली. त्या टोपलीत बसून खेळता खेळता चार वर्षांच्या बटणाने वर हात घातला आणि तापलेली इस्त्री त्याच्यावर आली. "तुमच्या आईने तशीच ठेवली आणि गेली शेजारी गप्पा मारायला," त्याच घरात राहणारी, दुकानात इस्त्री करणारी आत्या सांगायची. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आई गेली. बाबांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तसेच गप्प.

"बस इथेच," थोरली म्हणाली. "चेहरा हसरा ठेव. मी आणते तिला."

*

तिने निवेदकाला बाजूला घेतलं.

"हा खेळ कुणी दिला?"

"तूच की. गठ्ठ्यात सातवं कार्ड."

"मी बाराच दिली होती."

"तेरा होती. मला वाटलं, ऐनवेळी सुचलं असेल."

"काय लिहिलं होतं?"

"सगळ्यांनी डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं. पण सत्तरला मी आवरलं. लोक जेवायला आलेत, पाढे म्हणायला नाही."

"तू डोळे मिटलेस?"

"मी मिटले, फोटोवाल्याने मिटले, बँडवाल्यांनी मिटले. मिटा म्हटल्यावर काय करणार?"

कार्ड तिने हातात घेतलं. घडी केलेल्या शर्टात कॉलरखाली घालतात त्या पुठ्ठ्याचं होतं. तिनेही आपली कार्डं त्याच पुठ्ठ्यातून कापली होती. पण हा पिवळा पडला होता. अक्षर ओळखीचं नव्हतं, शाई ताजी होती. तिने तो उलटला.

मागे शिक्का होता. एका पायावर उभा असलेला बगळा.

लाँड्रीच्या शिक्क्यासाठी तो बगळा आईने काढला होता. आई गेली त्याच आठवड्यात आत्याने शिक्का बदलला आणि उरलेले पुठ्ठे बंबात घातले. "गेलेल्या बाईचा पक्षी दुकानात नको," म्हणाली होती. बगळ्याचा एकही पुठ्ठा घरात उरला नव्हता.

मग हा कुठून आला?

बटण मागे येऊन उभा राहिला होता. त्याने शिक्का पाहिला.

"आई आली आहे," तो म्हणाला. "आणि तिने हिला नेलं."

*

नवरीचे वडील पुढे आले. उंच, कमी बोलणारे.

"लेक कुठाय आमची?"

"काका, खेळच आहे. दहा मिनिटं द्या."

"आमच्याकडे नवरी लपवायचे खेळ नसतात. पाहुणे लपतात, बिल आलं की." ते हसले नाहीत. "दहा मिनिटं. मग मी पोलिसांना फोन करतो."

थोरलीने घड्याळ पाहिलं, घाम पुसला आणि माईक हातात घेतला. आवाजात साखर घोळली.

"मंडळी, नवरी शोधायचा खेळ! आधी कबुलीजबाब. डोळे मिटा म्हटल्यावर कुणी किलकिले केले? खरं सांगेल त्याला बारा रुमाल बक्षीस. आमच्या लाँड्रीतले, कडक इस्त्रीचे."

हॉलभर खसखस पिकली. कुणी हात वर करेना. मग मागच्या टेबलावरून एक जाडसर हात वर आला. नवरीचे डुलकीकाका. कुठल्याही समारंभात झोपतात म्हणून हे नाव.

"आज कसे जागे, काका?" थोरलीने विचारलं.

"सगळ्यांनी डोळे मिटले ना! मग केकच्या टेबलावर लक्ष कुणी ठेवायचं?"

"काय दिसलं?"

"नवरी उठली. चपला हातात घेतल्या. हसत हसत त्या दारातून पळाली." त्यांनी स्वयंपाकघराकडचं दार दाखवलं.

"कुणी ओढत नव्हतं?"

"कोण ओढतंय! लहान पोरगी खाऊ आणायला पळते तशी पळाली."

"किती आकडे झाले होते तेव्हा?"

"विसाच्या आसपास. पहिला तुकडा संपेपर्यंत मान वर केली नव्हती, तेव्हा दुसरा चालू होता."

टाळ्या वाजल्या. रुमालांचा डबा हातोहात मागे गेला. थोरली वरून हसत होती आणि आतून हिशोब करत होती. नवरी हसत गेली होती. म्हणजे परत यायला गेली होती. मग अडली कुठे?

ती पहिल्या रांगेत आत्याजवळ वाकली. आई गेल्यापासून दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं होतं. ताठ पाठ, ताठ साडी, ताठ बोलणं.

"आत्या, तुला काही कळलं? पावलं, आवाज?"

"डोळे मिटून बसले होते. सगळ्यांबरोबर शंभरपर्यंत मोजलं. काम अर्धं सोडायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे." तिने पदराने मान पुसली. "फार शोधू नकोस. आपल्या घराला डोळे मिटणं धार्जिणं नाही."

आत्याच्या मागे गाणं शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, नवरीच्या घराशेजारी राहणाऱ्या. त्यांनी थोरलीची बाही धरली.

"बक्षीस नको, पण सांगते. मोजताना माझ्या पुढे एक खणखणीत आवाज होता. त्याच्यावर मी सूर लावला होता. दहाच्या आतच तो गेला. पुढे मी एकटीच बेसूर."

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आत्याच्या ताठ पाठीकडे. सात मिनिटं उरली होती.

*

"आता सगळ्यांत अवघड खेळ," ती माईकवर म्हणाली. "दोन मिनिटं पूर्ण शांतता. शब्द नाही, चमचा नाही, बँड नाही. जो हसेल तो बाद. सुरू!"

दीडशे माणसं एकदम गप्प झाली. इतक्या नटलेल्या माणसांची शांतता भीतीदायक असते. गाल फुगलेले, डोळे मिचकावणारे, आणि आवाज कुठेच नाही. मघाशी भरलेला हॉल क्षणात रिकाम्या घरासारखा झाला.

थोरली स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरली. पलीकडे लांबट बोळ होता, ओल्या फरशीचा. एका बाजूला रिकामी पिंपं, दुसऱ्या बाजूला भिंत. बोळाच्या टोकाला चाकांची एक मोठी गाडी होती. दुपारच्या पंगतीच्या मळक्या टेबलक्लॉथनी भरलेली. चाकाचा अडसर खाली दाबलेला.

ती थबकली.

वाढपी मळके कपडे बोळा करून फेकतात. हे कपडे तेलकट, डागाळलेले होते आणि त्यांच्या घड्या घातलेल्या होत्या. निदान वरच्या आठदहांच्या. तीन पदरी घडी, काठ आत दुमडलेला, मोकळी कड उजवीकडे. खालचे सगळे बोळे.

आणि गाडीच्या पलीकडून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

तिने अडसर लाथेने उचलला, गाडी ढकलली. मागे दार होतं. बाहेरून कडी लावलेली.

"त्या खोलीत काही नाही."

बोळाच्या तोंडाशी आत्या उभी होती. तिच्या मागे बटण, धावत आलेला.

थोरलीने कडी काढली.

आधी नवरी बाहेर आली. केस सुटलेले, हातांच्या मुठी लाल. ती बटणाच्या गळ्यात पडली. "मी येणारच होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "शंभर व्हायच्या आत येणारच होते."

आत, चादरींच्या कपाटापाशी, स्टुलावर एक बाई बसली होती. पिकलेले केस, साधं लुगडं, मांडीवर एक छोटा शर्ट. ती उठली नाही. दाराच्या उजेडात यायचं धाडस तिला होत नव्हतं.

हॉलमध्ये दोन मिनिटं संपली. कुणीतरी फसकन हसलं, बँडने आनंदाने धडाका लावला. त्या आवाजाखाली बोळातली चारही माणसं त्या बाईकडे बघत राहिली.

*

"सांगते," थोरली म्हणाली. "चुकलं तर अडवा."

ती नवरीकडे वळली. "कार्ड तू ठेवलंस."

नवरीने मान हलवली. ती नर्स होती, दूरच्या शहरातल्या एका हॉस्पिटलात. "आमच्या धुलाईखान्यातून माझा कोट यायचा. घडीची मोकळी कड डावीकडे. यांनी मला सांगितलं होतं, आईची घडी उलटी असायची. मी तिथे घडी घालणाऱ्या बाईंना विचारायला गेले. त्यांनी यांचा लहानपणीचा हा शर्ट दाखवला. आत बगळ्याचा पुठ्ठा होता." ती हुंदका आवरून म्हणाली, "मला वाटलं, यांनी डोळे मिटावेत, शंभर मोजावेत, आणि या वेळी डोळे उघडल्यावर आई समोर असावी. एकदा तरी तो खेळ नीट संपावा. पुठ्ठाही त्यांचाच घेतला."

"आणि आई इथे थांबली होती. ते आत्याने पाहिलं." थोरली आत्याकडे वळली. "कधी?"

आत्याने पदर सावरला.

"जेवणं उरकली तेव्हा तू बोळात आली असशील. एक बाई डाव्या हाताने रुमाल दुमडते आहे हे दिसलं असेल. तू परत येऊन जागेवर बसलीस. कार्ड वाचलं गेलं तेव्हाच तुला कळलं, काय व्हायचं आहे. सगळ्यांचे डोळे मिटले. तू दहाच्या आत उठलीस. बोळात येऊन पिंपांच्या आड उभी राहिलीस. विसाला नवरी पळत आली, खोलीत शिरली. तू कडी घातलीस, आणि नंतरच्या गोंधळात परत जागेवर येऊन बसलीस."

"काय पुरावा?" आत्याचा आवाज खणखणीतच होता.

"तू म्हणालीस, सगळ्यांबरोबर शंभरपर्यंत मोजलंस. हॉलमध्ये कुणीच शंभर मोजले नाहीत. सत्तरला थांबवलं. हॉलमध्ये असतीस तर तुला ते माहीत असतं."

बटणाने आत्याकडे पाहिलं.

"तो निवेदक लबाड, तो काय वाटेल ते सांगेल!"

"बरं, तो लबाड. हे कपडेही लबाड?" थोरलीने गाडीवर हात ठेवला. "दार झाकायला तू गाडी आणलीस. ती पुरती भरलेली नव्हती, कडी दिसत होती. म्हणून बाजूचे बोळे उचलून वर रचलेस. घाई होती, जीव मुठीत होता. तरी तुझ्या हातांनी त्यांची घडी घातली. 'मळका कपडाही घडी करूनच टाकायचा, मोजायला बरा पडतो.' हे जगात फक्त आपल्या दुकानात चालतं. तशी घडी मी घालते, तू घालतेस, आई घालते. मी फाटकाशी होते. आणि आईची कड डावीकडे असते. या सगळ्यांची उजवीकडे आहे."

आत्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. फितूर झालेल्या माणसांकडे बघावं तसं.

"पाहुणे जाईपर्यंतच," ती हळू म्हणाली. "नंतर उघडणार होते. वहिनीला समजावून मागच्या दाराने लावून देणार होते. पोरीला इजा करायची नव्हती मला."

"पण का?" बटण ओरडला. "एकवीस वर्षं झाली! आली असती आई, भेटली असती. तुझं काय जात होतं?"

उत्तर आतून आलं. स्टुलावरून.

"त्यांना बोलू नकोस, बाळा." तोच आवाज. कोरडा झालेला, पण तोच. "वन्संचं बरोबर आहे. मी यायलाच नको होतं. तापलेली इस्त्री माझ्या हातून राहिली. वन्सं म्हणाल्या, पोलीस येतील, दोन्ही मुलं घेऊन जातील. तू गेलीस तर मुलं घरात राहतील. मग मी गेले. तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं, कारण तुम्ही बघत असताना माझे पाय निघाले नसते." ती बटणाच्या मनगटाकडे बघत होती. "दुखतं का रे अजून?"

बटण दोन पावलं पुढे सरकला.

थोरली मात्र हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे भिंतीला लावलेलं एक टेबल होतं.

"आई," तिने विचारलं, "इस्त्री राहिली, हे तुला आठवतं?"

"आठवत नाही. मी शेजारून आले तेव्हा हा रडत होता. वन्संनी सांगितलं."

"तू इस्त्री करताना मध्येच हात मोकळा केलास, तर इस्त्री कुठे ठेवायचीस? दाखव."

आईने नकळत हात उचलला आणि हवेतच इस्त्री ठेवली. डाव्या बाजूला.

"टोपली उजवीकडे होती," थोरली म्हणाली. "तू ठेवलेली इस्त्री त्याच्या हाताला लागलीच नसती."

बँडचं गाणं संपलं. निवेदक माईकवर विचारत होता, नवरी सापडली की आणखी एक खेळ घ्यायचा?

आत्या भिंतीला टेकली. ताठ साडीत ती एकाएकी म्हातारी झाली. तिने गाडीवरचा एक टेबलक्लॉथ उचलला, घडी मोडली, पुन्हा घालायला गेली. हातांना जमेना. कपडा फरशीवर पडला, आणि तिने तो तसाच पडू दिला.

"मला दुसरं घर नव्हतं," ती म्हणाली. "दादाने मला हाकललं असतं. वाटलं, आज सांगेन, उद्या सांगेन. मग ही गेली, आणि सांगायचं कुणाला?"

ती दारापर्यंत आली. उंबरठ्याशी थांबली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या बाईकडे सरळ पाहिलं.

"वहिनी, तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. ती इस्त्री मी ठेवली होती."